कल्याण स्टेशनावरून नाहीसा झालेला तंबोरा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण एका तंबोऱ्याचं प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. मी तेव्हा कल्याणला रेल्वेच्या चौकीवर फौजदार होतो. माणसं कोण होती ते सांगत नाही. त्यांची मुलंबाळं याच भागात नांदत आहेत.

संध्याकाळी चौकीत एक बाई आल्या. पन्नाशीच्या, गाणं हाच पेशा. ठाण्याला एका लग्नात गाण्यासाठी पुण्याहून निघाल्या होत्या. तंबोरा डब्यात जवळ ठेवू द्या म्हणून त्यांनी पुण्याच्या गार्डाला विनवलं, त्याचं वेगळं तिकीट काढायचीही तयारी दाखवली. गार्डाने ऐकलं नाही. एवढं लांब सामान ब्रेकमध्येच, म्हणजे गार्डाच्या सामानाच्या डब्यातच जाईल, असा त्याचा हुकूम. कल्याणला गाडी बदलायची होती. ठाण्याला उतरून पाहतात तो पेटी आली, वळकटी आली, तंबोरा नाही. तशाच उलट्या गाडीने त्या परत आल्या.

मी सामानाची पावती पाहिली, फिर्याद लिहायला घेतली.

“वर्णन सांगा.”

“पांढरी गवसणी आहे. माझ्या आईचा तंबोरा, फौजदारसाहेब. तिच्यामागे मी त्याच्याशिवाय कधी गायले नाही.”

“लग्न कधी आहे?”

“उद्या संध्याकाळी. तंबोरा मिळाला नाही तर मी जाणार नाही. मग पुढे कोणी बोलावणारही नाही, ते मला ठाऊक आहे.”

त्या धर्मशाळेकडे गेल्यावर जमादार म्हणाला, “साहेब, गाणाऱ्या बाईची फिर्याद. कशाला एवढं मनावर घेता?” मी त्याला गप्प केलं. पण खरं सांगतो, लिहिताना माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरावरचा एक म्हातारा वेगळीच खबर घेऊन आला. “साहेब, काल दिवेलागनीला एक मानूस पांढऱ्या कपड्यान गुंडाललेला मढा खांद्यावर घेऊन खाडीचे बांधावरशी गेला. मांगं रडनारा एक नाय.”

मागे रडणारं कोणी नाही, हे ऐकून मी सावध झालो. जमादाराला दोन शिपाई देऊन खाडीकडे पाठवलं आणि स्वतः हमालांच्या जबान्या घ्यायला बसलो. आदल्या दिवशी त्या गाडीवर चार हमाल होते. चौघांना वेगवेगळं बोलावलं. पहिल्या तिघांनी आपापल्या डोक्यावर काय काय होतं ते धडाधड सांगितलं. चौथा ठाकुर्लीच्या बाजूचा, खाडीकाठच्या गावातला, तिशीतला माणूस. त्यानेही सगळं नीट सांगितलं. फक्त हात पाठीमागे ठेवले होते. खोटं बोलणारा तोंड सांभाळतो, पण हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही, असा माझा अनुभव.

“हात पुढे कर.”

बोटांच्या टोकांना लाल काहीतरी चिकटलं होतं.

“काय आहे हे?”

“शेंदूर, साहेब. देवाचा.”

“शेंदराने फोड येतात?”

त्याने हात पुन्हा पाठीमागे नेले. पार्सलांना मोहोर करायची लाखेची कांडी नाहीशी झाली म्हणून पार्सलबाबू सकाळीच कुरकुरत होता. लाख वितळवताना बोटं भाजतात. पण चोराला लाख कशाला हवी? काहीतरी सांधायलाच. आणि लगेच म्हाताऱ्याने पाहिलेलं मढं आठवलं. पांढरा कपडा, मागे रडणारं कोणी नाही.

“काल बांधावरून तूच गेलास. खांद्यावर मढं नव्हतं, तंबोरा होता.”

त्याने भाजलेले हात जोडले. “मी चोर नाय साहेब. ब्रेकमधशी उतरवताना हातशी सुटला, भोपला फुटला. बाबू बोललेला, आता कायपन फुटला तं नोकरी जाईल. लाखेन चिकटवून परत आनून ठेवनार होतो.”

खाडीवरून जमादाराला परत बोलावलं आणि पंच बरोबर घेऊन त्याच्या घरी गेलो. बाई ऐकेनात, त्याही आल्या. अंगणात चटईवर तंबोरा ठेवला होता. त्याची बायको फुटलेल्या भोपळ्याचे तुकडे ताटात जागच्या जागी जुळवत बसली होती. जोडलेल्या जागी लाखेचे ओघळ आले होते. बाई खाली बसल्या, तारांवरून बोट फिरवलं. तारा शाबूत होत्या.

“मला तिथेच का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“भ्यालो, बाय.”

“ओरडले असते रे. खूप ओरडले असते. पण रात्रभर मला वाटत होतं, कुणीतरी चुलीत घातला असेल.” एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बायकोने घरातून तीन सुके भोपळे आणून पुढे ठेवले. “यातला कंचापन घे, बाय. पोरांना कमरंला बांधून पोवायला ठेवलेले.”

तंबोऱ्याच्या मानाने ते निम्मेही नव्हते. बाईंनी तिन्हींवर बोटाने टिचकी मारून कान दिला आणि एक उचलला. “याची एकतारी होईल,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “माझी काही फिर्याद नाही.”

मी पंचनाम्यात लिहिलं: माल मिळाला, चोरीचा हेतू दिसत नाही. स्टेशनमास्तरांना स्वतः जाऊन भेटलो. त्यांनी त्या माणसाला मालधक्क्यावर घातलं, कामावरून काढलं नाही. बाई फुटका तंबोरा बरोबर घेऊन दुपारच्या गाडीने ठाण्याला गेल्या आणि उसना तंबोरा घेऊन गायल्या, असं मागाहून कळलं.

भ्यालेला प्रामाणिक माणूस आणि चोर, दोघेही वस्तू लपवतात, खोटं बोलतात, नजर चुकवतात. चौकीतल्या खुर्चीवरून दोघे सारखेच दिसतात. त्या प्रकरणानंतर ‘कुठे लपवलंस’ असं दरडावण्याआधी ‘काय झालं’ एवढं विचारायची मी सवय लावून घेतली. बहुतेक चोर त्यालाही खोटंच उत्तर देत. पण काही माणसं तेवढं विचारताच रडू लागत. मग मी लेखणी खाली ठेवून त्यांना आधी पाणी देववीत असे.