विहीणबाईंना वाढलेला कुस्करा

लेकीच्या लग्नाला चार महिने झाले होते. एका सकाळी तिच्या खांदेश्वरच्या सासूबाईंचा फोन आला, "सानपाडा स्टेशनला उतरलेय, घरी येते." म्हणजे दहा मिनिटं! आदल्या दिवशी कळवायला काय होतं, असं पुटपुटत मी डबे उघडले. रवा संपलेला, पोहे संपलेले. विहीणबाई पहिल्यांदाच येणार आणि घरात होत्या कालच्या चार ज्वारीच्या भाकऱ्या. विहिणीला शिळं वाढलं तर लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागतं, हे आम्हा साताऱ्याकडच्यांना कुणी सांगावं लागत नाही.

शेवटी भाकऱ्या मिक्सरमधून काढल्या, कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणीत परतल्या, वर खोबरं-कोथिंबीर पेरली आणि बेधडक सांगितलं, "ज्वारीचा उपमा."

त्यांनी एक घास खाल्ला आणि त्या थांबल्या.

"हा कुस्करा हाय की वो," त्या म्हणाल्या. "शिळ्या भाकरीचा."

मी घाईघाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पोराच्या लग्नापासून आमच्यात केलाच न्हाय. सून इकडं शहरातच लहानाची मोठी झालेली, तिला शिळं कसं घालायचं?"

"अहो, कुस्कऱ्याच्या कढईची खरवड कुणी खायची यावरून ती भावाशी भांडायची!" मी म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

विहीणबाई बशी ठेवून उठल्या, थेट ओट्यापाशी गेल्या आणि उलथन्याने कढईचा तळ खरवडायला लागल्या.

"एखादा डबा द्या," त्या म्हणाल्या. "ही तिला नेते."