रिलीव्हर येईपर्यंत

गुढीपाडवा, पहाटे साडेचार: माझ्या छताला हादरे. हनुमान जयंती: जिन्यात वाळू. अक्षय्य तृतीया, भर दुपारी: भिंतीत खिळा ठोकणे. जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे: एक, आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी, दोन, माझ्या नऊ पत्रांची पोच न देणारे सोसायटीचे अध्यक्ष, तीन, शेजाऱ्यांच्या शर्यतीच्या फॉर्मवर ‘तातडीचा संपर्क’ म्हणून सही करणारा मी स्वतः. सोसायटीच्या कोणत्याही उपविधीत न बसणारा, या शेजाऱ्यांसारखा दुसरा गृहस्थ अख्ख्या पुनावळ्यात सापडणार नाही.

या गृहस्थांनी चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर उभा जन्म काढला आणि निवृत्त होताच धावायला सुरुवात केली. लोक बागेत धावतात. यांना लडाखच्या उजाड वाळवंटात, पाठीवर शिधा घेऊन, सलग पाच दिवसांच्या शर्यतीत धावायचे होते. पुनावळ्यात वाळवंट नाही. म्हणून ते समोरच्या बांधकामावरील वाळूच्या ढिगावर चढत-उतरत आणि निम्मा ढीग बुटांतून आमच्या जिन्यात आणत. पहाटे पाठपिशवीत विटा भरून घरातल्या घरात, म्हणजे माझ्या छतावर, फेऱ्या घालत. मी हरकत नोंदवली तेव्हा नम्रपणे म्हणाले, “बरोबर आहे अण्णा तुमचं. उद्यापासून एक वीट कमी करतो.” त्यांच्या पत्नीने आतूनच भर घातली, “जन्मभर कंपनीच्या बसमध्ये झोपून गेले, आता पायांना जाग आलीय.”

कारखान्याने त्यांना एकच धर्म शिकवला होता: पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय मशीन सोडायचे नाही. निवृत्तीनंतर हा धर्म घरी आला. पत्नीने “दुधाकडे बघा” म्हटले, की ती परत येईपर्यंत हे गॅसपुढे खांबासारखे उभे. एका लग्नात कुणा अनोळखी बाईने क्षणभर म्हणून दिलेले बाळ घेऊन हे दोन पंगती उपाशी राहिले. “चार्ज घेतला होता ना, अण्णा.” शर्यत पुरी केल्यावर मिळणाऱ्या पदकासाठीचा खिळा मात्र त्यांनी निघण्याआधीच ठोकला. तेवढी एकच हाव मी त्यांच्यात पाहिली.

शर्यतीच्या चौथ्या दिवशी माझा फोन वाजला. तिथला स्वयंसेवक सॅटेलाइट फोनवरून सांगत होता, की विरळ हवेने चक्कर आलेल्या, शर्यतीतल्याच एका शिक्षिकेजवळ आमचे गृहस्थ बसले आहेत आणि उठत नाहीत. मी फोन त्यांच्याकडे द्यायला लावला.

“वेळ संपली तर नियमानुसार तुम्ही बाद व्हाल,” मी बजावले.

“नियम बरोबर आहे.”

“मग बाईंना त्या स्वयंसेवकावर सोपवा.”

“तो पाणी वाटणारा आहे, अण्णा. मशीन त्याच्या हातात कसं देऊ? डॉक्टर येऊ दे.”

मागून क्षीण आवाज आला, “मशीन कुणाला म्हणता, काका?” आणि दोघे हसू लागले. मी इथे कलम शोधत होतो आणि तिथे ते दोघे हसत होते.

डॉक्टरांची गाडी तीन तासांनी आली. बाई सुखरूप घरी पोचल्या. आमचे गृहस्थ बाद झाले.

आता त्या खिळ्यावर विटांची रिकामी पिशवी लटकते आणि माझे छत गप्प आहे. मी मात्र साडेचारला जागा होतो आणि वर पाहत पडून राहतो. या शांततेविरुद्ध माझी रीतसर तक्रार असून दहावे पत्र आज सूचना फलकावर लावले आहे. शेजाऱ्यांनी सर्व सभासदांसमक्ष उत्तर द्यावे: पुढच्या वर्षीचा फॉर्म कधी भरणार? माझे पेन तयार आहे. उत्तर मिळेपर्यंत मी फलकाजवळची खुर्ची सोडणार नाही.