गणपतीची गाडी

पिंजऱ्यात सापडलेला उंदीर यादगिरी कधी मारत नसे. पिंजऱ्यावर पोतं टाकायचा, सायकलला अडकवायचा आणि अंबरपेठेतल्या माझ्या पिठाच्या गिरणीपासून थेट मूसी नदीच्या काठी सोडून यायचा. मी चिडलो की म्हणायचा, "गणपती की गाडी है अण्णा. गाडी कू मारते क्या?" तेलुगू, दखनी, मराठी, सगळं त्याच्या जिभेवर एकत्र नांदायचं.

वीस वर्षं त्यानं माझी गिरणी चालवली. नुसत्या आवाजावरून सांगायचा, ज्वारी ओली आहे. एखादी बाई भांडायला लागली की हात जोडायचा, "अम्मा, पीठ मी बारीक करतो, आवाज तुम्ही बारीक करा."

एकदा सोडताना उंदीर यादगिरीच्या बोटाला चावला. हळद लावली, दोन दिवसांत जखम बुजली, आम्ही विसरलो. आठवड्यानं थंडी वाजून ताप भरला. सांधे सुजले, तळहातांवर लाल पुरळ उठलं. मी त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलेरिया तपासला, डेंग्यू तपासला. मग विचारलं, "कामाच्या जागी उंदीर आहेत का?"

बाकावर माझीच दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी ताडकन म्हणालो, "गिरणी आहे माझी, गटार नाही. एक उंदीर दाखवा!"

यादगिरीनं माझ्याकडे पाहिलं आणि ते बोट मुठीत मिटलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, गप्प का बसलास? हसला. "मालक की इज्जत जाने देते क्या, अण्णा?"

आणि डॉक्टर तेवढ्यावर गप्प! मूठ उघडून बघायला काय झालं होतं? मी चौथी नापास. ते तर शिकलेले ना? हा राग अजून जात नाही.

ताप उतरला, पुन्हा चढला. तीन आठवड्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोटावरचा वण पाहिला. त्याची बायको पोचम्मा, तिनं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "उंदराच्या तोंडात हे जंतू असतात. उंदराला काही होत नाही, माणसाला होतं. वेळेवर कळलं असतं तर पेनिसिलीननं बरा झाला असता. आता हृदयापर्यंत पोचलंय."

चौथ्या दिवशी तो गेला. पोचम्मा मला एक शब्द बोलली नाही. बोलायला हवी होती.

लोक म्हणतात, उंदीर चावून कुणी मरतं का? मरतं. मालकाच्या तोंडानंही मरतं.

पिंजरा आता मी दारातच टांगलाय. गिऱ्हाईक नाक मुरडतं, "अण्णा, उंदीर आहेत की काय इथं?"

"आहेत!" मी ओरडून सांगतो. "चावला तर आधी डॉक्टरला सांगा. माझ्या गिरणीचं नाव घेऊन सांगा."