एका सुरातला खांब

आमच्या तळमजल्यावरचा अभिराम नेमकं काय करतो, हे नेरूळच्या आमच्या सोसायटीत कुणालाच धड सांगता आलं नसतं. दिवसा तो बेलापूरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि शनिवारी शिरवण्याजवळच्या बंद गोदामात पोरांना टेक्नोवर नाचवायचा. त्या ढुमढुमीला संगीत म्हणायला माझी जीभ रेटत नसे. पण त्याची दुसरी, संथ, बिनतालाची रेकॉर्डिंगं परदेशातली माणसं डोळे मिटून ऐकायची. त्याची आई, जयमालाताई, हे भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या.

त्या संथ संगीताचा कच्चा माल म्हणजे आमची इमारत. अभिरामच्या खोलीतून एक जाडजूड खांब वर गेला आहे. डॉक्टर छातीला नळी लावतात तसा तो खांबाला छोटा माइक चिकटवायचा. पाण्याचा पंप सुरू झाला की खांब आतून गुणगुणायचा. ती गुणगुण मोठी करून तो त्यावर तासभराचं काहीतरी रचायचा. दर वर्षी एक रेकॉर्ड, आणि सगळ्या एकाच सुरात, कारण तीच त्याची ओळख झाली होती.

सेक्रेटरी राजवर्धन यांना त्या खांबाचा भारी अभिमान. वरच्या मजल्यांवर भिंतींना तडे दिसले, तेव्हा मीटिंगमध्ये त्यांनी अभिरामला उभं केलं. त्याने पहिली आणि ताजी रेकॉर्ड ऐकवली. सूर तोच. खांबाला काही झालेलं नाही, असं राजवर्धननी जाहीर केलं, तडे बुजवून रंग मारला गेला आणि आम्ही समोसे खाऊन घरी गेलो.

यंदा सगळ्या रेकॉर्डचा संच काढायचा म्हणून अभिरामने मूळ, हात न लावलेली रेकॉर्डिंगं एकामागून एक लावली. दुपारची वेळ होती, मी जयमालाताईंकडे लोणचं द्यायला गेले होते. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये खांबाचा आवाज आधीच्यापेक्षा खाली उतरलेला. शेवटचा तर अगदी घोगरा. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी तो उतार माझ्याही कानाला कळला. अभिराम पांढराफटक पडला होता. आवाज उतरतोय हे त्याला दर वर्षी जाणवायचं. पण माइक जुना झाला असेल असं समजून तो आवाज कॉम्प्युटरवर वर चढवायचा आणि जुन्या सुरात बसवायचा.

"काकू, खांब आतून सैल होतोय," तो म्हणाला. "तो दर वर्षी सांगत होता, आणि मी त्याला सुरात आणत बसलो."

तो राजवर्धनकडे धावला. ते शांतपणे म्हणाले, "मीटिंगमध्ये तूच ऐकवलंस ना? आता लोकांना टेन्शन देऊ नको. गणपती झाले की इमारतीचं ऑडिट करू." मग तो स्पीकर घेऊन दारोदार फिरला. लोकांना वाटलं, नव्या रेकॉर्डची जाहिरात करतोय. एकदोघांनी तर कौतुकही केलं.

आईसुद्धा ऐकेना. त्यांचा त्या जुन्या सुरावर मुलापेक्षा जास्त विश्वास. शेवटी त्याने त्यांची औषधं आणि देव पिशवीत भरले आणि त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. त्या रडत होत्या, बाल्कनीतून लोक बघत होते. पोराने आईला घराबाहेर काढलं, असं बोललं गेलं. त्याच संध्याकाळी मी माझ्या लेकीला, श्रुतीला घेऊन जासईला भावाकडे आले. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नाही.

अभिरामने जुन्या रेकॉर्ड इंटरनेटवरून काढल्या आणि मूळ आवाज टाकले. चाहत्यांनी लिहिलं, हे बेसूर आहे. सोसायटीतल्यांना तो रोज फोन करतो, आता कुणी उचलत नाही. माझा उचलतात. काल आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मनालीशी बोलले. मुलं नुकतीच शाळेतून आली होती, मागे त्यांचा दंगा ऐकू येत होता. सगळं ठीक आहे म्हणाली. फक्त बाहेरचं लोखंडी दार आठवडाभर चौकटीत बसत नाहीये, वेल्डरला बोलावलंय, तो थोडं घासून देईल.