लोळायचं बक्षीस

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. सहकारी कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, पण चेअरमनसाहेबांना चषक हवा होता. त्यांनी दसऱ्याआधी फुटबॉलचे सामने भरवले आणि कारखान्याच्या संघासाठी बाहेरून पगारी खेळाडू आणले. आमच्या केज तालुक्यात कुस्ती-कबड्डी कळणारे गल्लोगल्ली. फुटबॉलचे नियम शिकलेला मी एकटाच. साहेबांच्याच शाळेत मी खेळाचा मास्तर होतो, तोही हंगामी. "दसऱ्याला तुमाला कायम करू," असा त्यांनी शब्द दिला होता.

मी कायम झालो की आईची परजिल्ह्यातली ऊसतोड सुटणार होती. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. तोडीला जाणाऱ्या जोडीलाच कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याला टोळीत घ्यायला मुकादम कुरकुर करतो. वडील गेल्यापासून आई अर्धा कोयता होती.

शेवटच्या सामन्याची शिट्टी माझ्याकडे होती आणि उत्तम खेळाडू निवडायचं कामही. कारखान्याच्या संघात पुढं खेळणारा गडी पायानं चपळ, पण कुणाचा वारा लागला तरी भुईवर लोळायचा. मग बादली धावायची आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं जायचं. मैदानाच्या कडेला बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या, त्यात आईही होती. तो पुन्हा लोळला तसं तिला राहवलं नाही.

"ऊठ की रं मुडद्या! आमच्या घागरीचं पानी हाय ते!"

पाहुण्या संघात बचावाला एक गडी होता, तोही पगारीच. आमच्या लोळणाऱ्याच्याच बुटानं त्याची नडगी सोलून निघाली. बादली आली तेव्हा तो ओंजळभर पाणी प्यायला आणि उरलेली बादली बायकांकडे पाठवली. मग भुईवर पडलेल्या आमच्या गड्याला हात देऊन उठवलं आणि लंगडत आपल्या जागी गेला.

आई म्हणायची, फडात कोण किती तोडतं ते बघू नये. जोडीदाराच्या डोक्यावर मोळी चढवायला कोण उठतं ते बघावं. एक निजला की दुसऱ्यावर दोघांचं ओझं पडतं. खेळाडू जोखायला मला याहून वेगळं माप कधी लागलं नाही. गोल काय, कुणीही मारतो!

खेळ संपत आला होता, दोन्हीकडे सारखेच गोल होते. आमचा गडी पाहुण्यांच्या गोलपाशी पुन्हा लोळला. साहेब खुर्चीतून उठले, सगळा कारखाना ओरडायला लागला. शिट्टी माझ्या दातांत होती. मी ती वाजवली नाही. चेंडू तिकडून इकडे आला आणि पाहुण्यांनी गोल केला.

साहेबांनी मला मांडवामागे बोलावलं. "मास्तर, चषक तर घालवला. आता बक्षीस तरी आपल्या गड्याला द्या. दसरा जवळ आलाय."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू! पण राग भीतीच्या वरचढ होता.

"साहेब, लोळायचं बक्षीस ठेवलं असतं तर त्यालाच दिलं असतं," म्हणालो आणि भोंग्यावरून पाहुण्या गड्याला पुकारलं. तो लंगडतच आला. टाळ्या बायकांनीच वाजवल्या.

दसऱ्याला शाळेतून निरोप आला, उद्यापासून येऊ नका. मी आईला सांगितलं. तिनं माळ्यावरून कोयता काढला आणि उंबऱ्यात बसून त्यावर कानस मारायला लागली.

"अर्ध्या कोयत्याला मुकादम घेतोय का न्हाई, कुनास ठावं," ती म्हणाली.

मी तिच्या हातातली कानस घेतली.

"अर्धा कावून? मी हाय की."