पाणी भरणारे जावई

आमचे जावई कसे आहेत असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन सांगायची, फार चांगले. हल्ली मला थांबावं लागतं. चांगले तर आहेतच. पण कसे आहेत, ते मला नीट कळत नाही.

प्रबोध मूळचे डोंबिवलीचे. जहाजांच्या इंजिनांचं काम. लग्नानंतर थोडे दिवस इथेच सिंगापूरला होते, मग एडनच्या बंदरात एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये चांगली नोकरी मिळाली म्हणून येमेनला गेले. माझी मुलगी अनुजा तेव्हा बाळंतपणासाठी आमच्या बिशानच्या घरी राहायला आलेली. यश अजून लहान आहे, जरा मोठा होऊ दे, असं करता करता तिचं तिकडे जाणं राहूनच गेलं. चौऱ्याण्णव साली तिथे युद्ध पेटलं आणि एडनला वेढा पडला. ह्यांनी रेडिओ लावायचा आणि बातम्या संपेपर्यंत मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही, असे ते दिवस. जुलैत प्रबोध जिबूतीमार्गे आले ते खांद्यावरच्या एका बॅगेनिशी. वाळले होते, पण हसत होते. यशला म्हणाले, "ओळखलंस का मला?"

"यू आर फोटोवाले बाबा," यश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओट्यावरची सगळी भांडी पाण्याने भरलेली. पातेली, कुकर, मोदकपात्र, मायलो पावडरचे रिकामे डबे, बाथरूममधल्या बादल्या आणि माझ्या आईने दिलेली पितळेची कळशीसुद्धा. मला हसू आलं आणि भरूनही आलं. आम्ही डोंबिवलीत होतो तेव्हा पहाटे तासभरच नळ यायचा, मीही अशीच भरायची. मुलाला घरचं वळण आहे, असं मला वाटलं.

तेव्हापासून रोज. आधी कालचं ओतायचं, मग ताजं भरायचं, मग चहा, मग जुरोंगच्या जहाजदुरुस्ती यार्डची बस. मी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माझ्या मैत्रिणीला, नीताला कौतुकाने सांगितलंसुद्धा, "आमचे जावई पाणी भरल्याशिवाय चहाला शिवत नाहीत."

"आमचे चहाचा कप विसळत नाहीत," नीता म्हणाली. "महिनाभर उसने दे गं."

शेजारच्या मिसेस लिम एकदा दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "युअर टॅप स्पॉइल, इज इट?" मी म्हटलं, नाही, आमच्यात पद्धत आहे. त्यांनी मान डोलावली. चिनी लोकांच्याही पुष्कळ पद्धती असतात.

गेल्या महिन्यात एडनहून त्या जुन्या वर्कशॉपच्या मालकांचा फोन आला. बंदरात पुन्हा काम सुरू झालंय, या, या वेळी कुटुंबाला घेऊनच या, घर देतो. प्रबोध म्हणाले, विचार करून कळवतो. मी देवापुढे बसून एकच मागत होते, की प्रबोध नको म्हणू देत. नाहीतर पाच वर्षांचं माझं नातवंड त्या गावात जाणार.

अशात डासांच्या अळ्या तपासणारा सरकारी माणूस आला. मलय मुलगा, हातात टॉर्च. स्वयंपाकघरात शिरला आणि उभाच राहिला.

"आंटी, व्हाय सो मेनी? यू ओपनिंग शॉप, आह?"

त्याने एकेका भांड्यात टॉर्च मारला. अळी एकही सापडली नाही, पाणी रोजचं ताजं होतं. तरी म्हणाला, हे चालणार नाही, ओतून टाका. मी आणि अनुजाने सगळं ओतलं आणि भांडी पालथी घातली. अनुजाला तर हसूच आवरेना. "बरं झालं बाई, एकदाचा ओटा दिसला!"

संध्याकाळी प्रबोध आले. डबा ठेवायला आत गेले आणि तिथेच थांबले. नळ सोडला, बंद केला. पुन्हा सोडला.

"आहे पाणी," मी म्हटलं. "इथे कायमच असतं हो."

"तिथेही कायमच असायचं, आई."

मग स्टुलावर बसून ते बोलले. आम्हाला युद्धाविषयी त्यांनी त्याआधी काही सांगितलंच नव्हतं. तोफांचं म्हणाले, आता नीटसं आठवतही नाही. पण एका सकाळी तोंड धुवायला नळ सोडला तर फुर्र झालं आणि वाराच आला. आधी वाटलं, दुपारी येईल. पाणी आलंच नाही. मशिदीतली जुनी विहीर लोकांनी उघडली, तिथे रांगा लागायच्या. खालच्या मजल्यावरची म्हातारी प्रबोधसाठी रांग धरून ठेवायची आणि प्रबोध तिचा कॅन जिना चढून आणून द्यायचे. नळ गेला त्याच्या आदल्या रात्री आपल्या घरात एक तांब्यासुद्धा भरलेला नव्हता, हेच त्यांनी दोनदा सांगितलं.

यश मध्येच म्हणाला, "बाबा, हिअर वॉटर नेव्हर फिनिश लाह."

"हो रे," प्रबोध म्हणाले, आणि उठून कुकर सुलटा केला.

म्हणजे डोंबिवलीचं वळण नव्हतंच ते. दोन वर्षं मी ज्याचं कौतुक करत होते ते काय होतं?

"अहो, मग त्याच गावी परत जायचा विचार तरी कसा करता?" मी विचारलं. "मला खरंच समजत नाही."

त्यांनी कुकर नळाखाली धरला. मग म्हणाले, "तिथे आता सगळेच भरतात, आई. मला कुणी विचारत नाही, का भरतोस म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधी उठून मीच सगळं भरलं आणि प्रत्येक भांड्यावर झाकण ठेवलं, काहींवर फडकं बांधलं. म्हटलं, इथेही कुणी विचारणार नाही असं करू, मग राहतील. प्रबोध बघत राहिले, "थँक्यू, आई" म्हणाले आणि पहिल्यांदाच पाण्याला हात न लावता चहा प्यायले. अनुजा मात्र माझ्यावर भडकली. "तू त्याला बरं करतेस की त्याचं वेड वाढवतेस, आई?"

काल रात्री जेवताना प्रबोध म्हणाले, "येतो म्हणून कळवलंय." आवाजात आनंद होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. ह्यांनी ताक पुढे केलं. मी अनुजाकडे बघितलं. ती नाही म्हणेल, पोराची शाळा पुढे करेल, अशी माझी आशा. ती खाली बघून यशचा भात कालवत होती.

आज दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "आई, आजीची ती कळशी मी नेऊ का गं? तिथे उपयोगी पडेल."

चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी म्हटलं, "ती गळते."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

तिने पुढचा कपडा घडीला घेतला. आता सगळे झोपलेत. मी कळशी काठोकाठ भरून ओट्यावर ठेवली आहे आणि खाली वर्तमानपत्र अंथरलंय. लिहिता लिहिता मधून उठून, गळली का म्हणून हात फिरवून बघते. कागद अजून कोरडाच आहे.