वरण की हात

दादा गेल्याचा फोन वहिनीनं सकाळीच केला. "हे गेले व बाई," एवढंच म्हणाली. मी अकोल्याहून अमरावतीची एसटी धरली आणि खिडकीशी डोळे मिटून बसले. सुटला बिचारा, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही दमलो होतो. महिना होऊन गेला, तो थकवा अजून अंगातून उतरलेला नाही...

प्रभाकरदादा आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर. कानशीनं लोखंड घासायला शिकवायचा. हात पक्का, जीभही तशीच. हिवाळ्यात भातकुलीच्या वावरात रोडग्यांचा बेत ठरला की कणीक तोच मळणार, गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे तोच भाजणार आणि पंगतीत वरण असं ओतून घेणार की पत्रावळीला बांध घालावा लागे. वरणाशिवाय जेवण म्हणजे त्याच्या लेखी उपासच.

हात थरथरायला लागला तो निवृत्तीनंतर. पार्किन्सन. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हालचालीसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात. उरलेल्या पेशी कैक वर्षं त्यांचंही काम गुपचूप ओढतात. ते झेपेनासं झालं की मग कुठे आपल्याला कळतं. "म्हंजे आमच्या आयटीआयसारखंच," दादा म्हणाला. "अर्धे रिटायर, अन् बाकीचे मरून राहिले." गोळी सुरू झाली आणि सुरुवातीची वर्षं बरी गेली.

मग गोळीचा जोर टिकेना. आधी उरलेल्या पेशी औषध साठवून पुरवून वापरायच्या. आता साठवणाऱ्याच राहिल्या नव्हत्या. आणि ज्या पेशींना ते रसायन मिळायचं, त्या इतक्या हावऱ्या झाल्या होत्या, की गोळी चढली की अंग आपोआप वेडंवाकडं डुलायचं, उतरली की नुसतं लाकूड. गल्लीतले लोक म्हणायचे, मास्तर पिऊन राहिले. त्यात दुपारची गोळी तर लागेचना. चौकशीअंती उलगडा झाला. उपाशीपोटी औषध घ्यायचं नाही ही आपल्याकडची रीत. त्यामुळे गोळी बाधू नये म्हणून वहिनी आधी त्याला घट्ट वरण पोटभर जेवू घालायची आणि वर गोळी द्यायची. वरणातली प्रथिनं गोळीची वाट अडवतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळी जेवणाच्या बरीच आधी घ्या, आणि दिवसा वरण बंद. रात्री खा.

परतताना वहिनी गाडीत रडत होती. "मीच घालू घालू यायले लाकूड केलं."

"तू कायले रडून राहिली?" दादा म्हणाला. "वरण मीच मागत होतो ना."

त्यानं दिवसाचं वरण सोडलं ते सोडलंच. दुसऱ्याच्या हातानं जेवणार नाही, एवढा एकच हट्ट त्याचा उरला होता. दिवसा वरण खाल्लं की हात चालेना, म्हणून वर्षानुवर्षं कोरडी भाकरी आणि भाजी. सांडायचं, निम्मं छातीवर पडायचं, पण घास त्याचा तोच उचलायचा. वहिनीनंही मग दिवसा वरण टाकणं बंद केलं. आम्ही पाहुणे म्हणून गेलो तरी रात्रीच काय ते मिळायचं.

गेल्या हिवाळ्यात भातकुलीला पुन्हा रोडगे केले. दादा खुर्चीत डुलत विस्तवाकडे बघत होता. दुपारी पंगत बसली, वहिनी वरण वाढत आली आणि सवयीनं त्याची पत्रावळ ओलांडून पुढे गेली.

"मले वाढ," तो म्हणाला.

"अवो, हात जाईन तुमचा."

"जाऊ दे. हात ठेवून तरी काय करून राहिलो? कोरडाच घास उचलून राहिलो."

ती वाढेना. तो हटेना. शेवटी तिनं वाढलं. पहिले काही घास त्यानं स्वतः खाल्ले, डोळे मिटून. मग हात हळूहळू जड झाला आणि पत्रावळीतच राहिला. वहिनी वाढायचं सोडून त्याच्याशेजारी बसली, रोडगा वरणात कुस्करला आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. आता हा सगळ्यांदेखत तोंड फिरवणार, असं वाटलं... त्यानं आ केला. सावकाश चावलं, गिळलं.

"मीठ कमी हाय," म्हणाला, आणि पुन्हा आ केला.

परवा अमरावतीला गेले होते. दुपारी वहिनीनं माझ्यापुढे वरणाची वाटी ठेवली. तिच्या ताटात भाकरी आणि भाजी.

"आता कायले व वयनी? घे ना तू बी."

"राती खाईन," ती म्हणाली. "दिवसा उतरत नाही मले."

मग मीही वाटी रात्रीसाठी झाकून ठेवली आणि तिच्या ताटातली भाकरी मोडून घेतली.